दहा तोळे माती

राजूरहून जालना, मंठा या मार्गाने लोणार गाठता येते. तेथील पावणेदोन किलोमीटरहून अधिक रुंदीचे विवर आकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने काळ्या खडकात कोरले गेले. आघाताची खूण स्पष्ट आहे. त्या पाषाणाचा सलग तुकडा मात्र कोणाच्या हाती लागलेला नाही. उरले ते खारे सरोवर. त्याच्या काठचा खार पूर्वी गोळा करून विकला जाई. तो सोड्याचा खार, आपल्या पापडखाराच्या कुळातला.

नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे २२ मे २०१२ रोजी आकाशातून दगड पडले. असे दगड घरबसल्या मिळत असता अमेरिकेने एक अब्ज डॉलरांहून अधिक खर्चून ‘बेन्नू’ या लघुग्रहाकडे यान का धाडावे, हा प्रश्न व्यापारी मनास पडणारच.

‘ओसायरिस-रेक्स’ हे यान सप्टेंबर २०१६ मध्ये निघाले. २० ऑक्टोबर २०२० रोजी त्याचा यांत्रिक हात काही क्षण बेन्नूला टेकला आणि नायट्रोजन वायूच्या झोतासरशी उडालेली माती त्याने टिपली. माती इतकी भरली, की झाकणात खडे अडकून ती सांडू लागली. तेव्हा तोलण्याचा ठरलेला प्रयोग रद्द करून माल आधी बंद करण्यात आला. न तोलताच माल बांधण्याची ही रीत पेढीवर चालणारी नव्हे. पण तेथे तेच शहाणपणाचे होते. २४ सप्टेंबर २०२३ रोजी कुपी युटाच्या वाळवंटात उतरली. दोन कळा अडून बसल्याने पात्र पूर्ण उघडण्यास जानेवारी २०२४ उजाडला. तोल भरला १२१.६ ग्रॅम, म्हणजे जेमतेम साडेदहा तोळे. अपेक्षा ६० ग्रॅमची होती.

या मातीत निघाला तो खार. प्राचीन खारे पाणी आटून मागे राहिलेले सोड्याचे क्षार तीत आढळल्याचे २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. सजीवांच्या प्रथिनांत असणाऱ्या वीस अमिनो आम्लांपैकी चौदाही तीत मिळाली. जीव मिळाला, असा याचा अर्थ नव्हे.

हे क्षार दमट हवेत टिकत नाहीत. चातुर्मासात पापडाच्या डब्यात नीलण-फुलण होऊ नये म्हणून जागरूक असणाऱ्या घरांना हे वेगळे सांगावयास नको. रानात पडलेल्या दगडातील असा खार एखाद्या पावसाळ्यातच नाहीसा होऊ शकतो. मग तो तेथे होता हेही कळत नाही. म्हणून ही माती उतरल्यापासून कोरड्या नायट्रोजनमध्ये राखली आहे. खर्च झाला तो खरोखर या कोरडेपणासाठी.

तीतील किमान सत्तर टक्के भाग पुढील पिढ्यांच्या संशोधकांसाठी राखून ठेवण्यात येत आहे. १९७२ साली चंद्रावर बंद केलेली एक नळी अशीच जपली होती. ती २०२२ साली उघडली.