एकेका पेशीचा मक्ता

सावकार आणि शेतमजूर यांच्या उत्पन्नाची बेरीज करून काढलेली सरासरी गावातील कोणाचीच खरी मिळकत सांगत नाही, हे महसूल खात्यातील कारकुनालाही ठाऊक असते. तथापि ऊतीचा तुकडा वाटून, त्यातील लाखो पेशींचे रेणू एकाच नळीत मिसळून, जो आकडा हाती येईल त्यालाच त्या ऊतीचा स्वभाव मानण्याची रूढी जीवशास्त्रात अगदी कालपरवापर्यंत बिनदिक्कत चालू होती. ती मोडण्याचे श्रेय बव्हंशी मायक्रोफ्लुइडिक्सकडे, म्हणजे केसाएवढ्या रुंदीच्या वाहिन्यांतून द्रव खेळविण्याच्या विद्येकडे जाते.

मे 2015 मध्ये ‘सेल’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात हार्वर्डच्या दोन गटांनी या विद्येचे जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांपैकी मॅकोस्को आणि मॅक्‍कॅरोल यांची ‘ड्रॉप-सेक’ पद्धत पाहण्याजोगी आहे. एका वाहिनीतून पेशी येतात, दुसरीतून पेशी फोडणाऱ्या द्रावासह बारीक मणी येतात, आणि दोन्ही प्रवाह एकत्र येताच बाजूचे तेल त्यांचे सेकंदाला हजारो थेंब तोडते. थेंबात पेशी फुटली की तिचे आरएनए त्याच थेंबातील मण्याला चिकटतात, आणि प्रत्येक मण्यावर बारा अक्षरांचा आपापला संकेत असल्यामुळे (असे संकेत 1 कोटी 67 लाखांहून अधिक संभवतात) पुढे सर्व मणी एकत्र केले तरी कोणता रेणू कोणत्या पेशीचा, हा हिशेब चुकत नाही. एका थेंबात दोन पेशी येऊ नयेत म्हणून पेशींचे द्रावण मुद्दाम विरळ ठेवतात, सबब बहुसंख्य थेंब रिकामेच वाहून जातात. ही उधळपट्टी शहाणपणाची आहे. उंदराच्या दृष्टिपटलातील 44,808 पेशी अशा रीतीने तपासल्या, तेव्हा त्यांचे 39 गट निघाले.

या आकड्यांपेक्षाही मला मोलाचे वाटते ते हे, की मॅक्‍कॅरोल यांच्या प्रयोगशाळेने सामानाच्या यादीसकट सारी कृती सर्वांना खुली केली. पुढे 2016 मध्ये टेन-एक्स जीनोमिक्सचे तयार यंत्र आले, ते सोयीचे होते, आणि संशोधक तिकडे वळले. त्यात गैर काही नाही. मात्र थेंबांच्या पेटंटांवरून बायो-रॅड आणि शिकागो विद्यापीठ यांनी त्या कंपनीवर दावा लावला, 2018 मध्ये डेलावेअरच्या ज्यूरीने सुमारे 2.4 कोटी डॉलरची भरपाई ठरविली, आणि 2021 मध्ये उभयपक्षी तडजोड झाली, तेव्हा एका थेंबावर किती जणांचा हक्क असू शकतो याचा जगाला अंदाज आला.

शोधकाला मोबदला मिळावा, याविषयी वाद नाही. तक्रार आपल्या खरेदीच्या रिवाजाविषयी आहे: यंत्राची किंमत एकदाच मंजूर होते, परंतु त्याच्या वाहिन्या असलेल्या चिपा आणि रसायने प्रत्येक प्रयोगाला त्याच दुकानातून घ्यावी लागतात, आणि अनुदान संपले की यंत्रावर आच्छादन पडते. वास्तविक साध्या चिपा घरच्या घरी ओतता येतात. साचा एकदा करवून घेतला, त्यावर पीडीएमएस हे सिलिकोन रबर ओतले, भट्टीत घट्ट केले, सोलून काचेला चिकटविले, की काम भागते, आणि हा मार्ग रसायनशास्त्रज्ञ व्हाइटसाइड्स यांच्या गटाने 1998 मध्येच दाखवून दिला आहे. हाताने केलेल्या कामात चुका होतील, वेळही जाईल. पण विद्यार्थ्याला थेंब का फुटतो हे कळेल, आणि बटण दाबून ते कळत नाही. विद्यापीठांच्या खरेदी समित्यांनी पुढील यंत्राची शिफारस करण्यापूर्वी ओतकामाचे एक टेबल आणि एक कायम तंत्रज्ञ यांची तरतूद करावी, एवढी विनंती आहे.