शिक्षा, शिक्षण आणि वाहनपरवाना

‘शिक्षा’ आणि ‘शिक्षण’ हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आलेले आहेत. व्यवहारात मात्र आपण त्यांची फारकत केली आहे. मद्यपान करून मोटार चालविणाऱ्यांच्या बाबतीत अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्याने या दोहोंची पुन्हा सांगड घातली आहे. परदेशस्थ आंबेडकरी समाजाने या व्यवस्थेचा गांभीर्याने विचार करणे अगत्याचे आहे. कारण या विषयावर आपल्यात एकतर कुजबुज चालते, नाहीतर मौन पाळले जाते.

रक्तातील मद्यार्काचे प्रमाण ०.०८ टक्के वा अधिक असताना वाहन चालविणे हा तेथे गुन्हा आहे. प्रथमच दोषी ठरलेल्यास सर्वसाधारणपणे तीन महिन्यांचा, ३० तासांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. प्रमाण ०.२० टक्के वा त्याहून अधिक असल्यास तोच नऊ महिन्यांचा व ६० तासांचा होतो. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास १८ महिने. व्याख्याने, गटचर्चा, समुपदेशन असे त्याचे स्वरूप असते. या अभ्यासक्रमात नाव नोंदवून विम्याचा विशेष दाखला सादर केला, की मर्यादित परवाना मिळू शकतो. घरून कामावर, कामानिमित्त आणि अभ्यासक्रमाच्या वर्गाला, एवढ्याच प्रवासाची त्यात मुभा असते. २०१९ पासून आणखी एक मार्ग खुला झाला आहे. मोटारीत श्वास तपासणारे यंत्र बसवून घेतल्यास कोठेही जाता येते. पण श्वासात मद्याचा अंश आढळला, की इंजिन सुरूच होत नाही. मार्ग कोणताही पत्करला तरी अभ्यासक्रम सुटत नाही.

यावर आक्षेप असा, की ज्याने इतरांचे प्राण धोक्यात घातले त्याच्या हाती पुन्हा चाक द्यावेच का? हा आक्षेप हलका नाही. १९८० साली याच राज्यात कॅरी लाइटनर ही तेरा वर्षांची मुलगी एका मद्यधुंद चालकाच्या मोटारीखाली ठार झाली. तो चालक पूर्वीही याच गुन्ह्यात पकडला गेला होता. तिच्या आईने उभारलेल्या संघटनेने पुढे देशभरातील कायदे कडक करून घेतले. तरीही २०२२ साली अमेरिकेत मद्यधुंद चालकांमुळे झालेल्या अपघातांत १३,५२४ माणसे मेली.

परंतु परवाना सरसकट काढून घेतल्याने प्रश्न सुटत नाही. जेथे मोटारीवाचून कामावर पोचता येत नाही, तेथे परवाना गेला की नोकरी जाते. नोकरी गेली की शिक्षा बायकामुलांना होते. आणि पुष्कळ जण परवान्याविना, विम्याविना मोटार चालवीतच राहतात. म्हणून मर्यादित परवाना मला न्याय्य वाटतो. मात्र तो शिकण्याच्या मोबदल्यात मिळालेला विश्वास आहे, वकिलाने मिळवून दिलेली पळवाट नव्हे, हे घेणाऱ्याने ओळखले पाहिजे. यंत्र मोटारीत असेपर्यंत पुन्हा गुन्हा घडण्याचे प्रमाण पुष्कळ घटते. ते काढल्यावर तो परिणाम ओसरतो. पुढचे काम मनालाच करावे लागते. शिवाय १९८१ च्या वॉटसन खटल्यापासून तेथील न्यायालयांनी एक गोष्ट स्पष्ट केली आहे. धोका ठाऊक असूनही मद्य पिऊन मोटार चालविली व कोणाचा जीव घेतला, तर खुनाचा आरोप होऊ शकतो. हे धोके अभ्यासक्रमात शिकविलेले असतात. शिकलेल्या माणसाला अज्ञानाची सबब उरत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. पंचशीलातील पाचवे शील आपण प्रत्येक कार्यक्रमाच्या प्रारंभी ग्रहण करतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. सकाळी शील आणि संध्याकाळी पेला, आणि त्यानंतर हाती मोटारीची किल्ली, ही विसंगती आपण किती काळ चालू देणार?

आणि एखादा बांधव पकडला गेला, तर लोक काय म्हणतील या धास्तीने तो कोणाला सांगत नाही. परवान्यासंबंधी सुनावणी मागण्यासाठी अटकेनंतर दहाच दिवस असतात. ते लपविण्यात निघून जातात. व्हिसावर राहणाऱ्यांचे संकट याहून मोठे. २०१५ पासूनच्या धोरणानुसार दोष सिद्ध होण्यापूर्वी, केवळ अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो. ही माहिती वेळेवर देणारे आपले माणूस हवे.

म्हणून आपल्या संस्थांनी तीन गोष्टी कराव्यात असे सुचवावेसे वाटते. संस्थेच्या कोणत्याही समारंभात, तो कोणाच्या घरी असला तरी, मद्य नसावे. अडचणीत सापडलेल्याला पहिल्या आठवड्यातच योग्य सल्ला मिळावा, आणि ऐपत नसल्यास अभ्यासक्रमाचे शुल्क उत्पन्नानुसार कमी करून मिळते हेही त्याला सांगावे. परवाना बंद असेतो त्याला वर्गाला व कामावर पोचविण्यासाठी स्वयंसेवक पुढे यावेत.

दोषी माणसावर पांघरूण घालणे ही करुणा नव्हे, आणि त्याला वाळीत टाकणे हा न्याय नव्हे. बहिष्काराचे दुःख भोगलेल्या समाजाने तरी आपल्या माणसाला शिकण्याची दुसरी संधी नाकारू नये. आणि ती मिळालेल्यानेही तिची किंमत विसरू नये.