न पाहिलेल्या डोंगराचा निबंध

परभणी जिल्ह्यातल्या झरीच्या मुलाने इंग्रजीत थंड हवेच्या ठिकाणच्या सहलीवर निबंध का लिहावा? न पाहिलेले डोंगर गाइडातून उतरवून त्याला गुण मिळतील. भाषा मिळणार नाही. २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली; मुलाचा अनुभव मात्र वर्गाबाहेरच राहिला, ही आमची तक्रार आहे.

'आधी व्याकरण, मग लेखन' हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. भूतकाळ उमगतो तो कालच्या कापूसवेचणीविषयी लिहिताना; 'जातो' आणि 'गेलो' यांतला फरक तिथे मुलाने स्वतः जगलेला असतो. 'हुरड्या'ला इंग्रजी शब्द सापडेना की मूल अडते, आणि अडल्यावरच नेमके शब्द मागू लागते. चुका होतील, त्या शिक्षकाने दुरुस्त कराव्यात, पण सांगणे मुलाचेच असू द्यावे.

१८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे हिचा निबंध 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाला. तो मराठीत होता हे खरे. परंतु त्याचे बळ आपल्या समाजाचे दुःख स्वतः सांगण्यात होते. भाषा बदलल्याने हे सत्य बदलत नाही. उसना अनुभव लिहवून घेणारा वर्ग इंग्रजी शिकवीत नाही. नीटनेटके खोटे बोलणे तेवढे शिकवतो.