पाऱ्याचे विमान आणि गच्चीवरचे विमान

दिवाळीच्या फराळात कारल्याची भाजी वाढू नये, एवढे मला कळते. पण संपादकांनी ‘मनात असेल ते लिहा’ म्हणून कळविले, आणि माझ्या मनात गेली अठरा वर्षे एक विमान अडकून बसले आहे. तेव्हा वाचकहो, चकली मोडता मोडता एवढे ऐकून घ्या.

मी मॅट्रिकच्या पुढे शिकलेला नाही. कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत मराठी शिकवितो. अठरा वर्षांपूर्वी गॅदरिंगसाठी मी शिवकर बापूजी तळपदे यांच्यावर एक नाटुकले लिहिले. १८९५ साल, मुंबईची चौपाटी, पाऱ्याच्या बळावर ‘मरुत्सखा’ पंधराशे फूट वर जाते, गोरा साहेब दातओठ खातो आणि पडदा! टाळ्यांनी मांडवाचे पत्रे हादरले.

तालमीच्या वेळी नववीतल्या एका पोराने विचारले होते, “सर, पारा तापवून विमान वर कसं जातं?” मी सर्वांदेखत त्याला म्हणालो, “तुला देशाचा काही अभिमान आहे की नाही रे? बस खाली!” हा पोरगा गोठ्यामागे बांबूच्या कामट्या आणि सायकलच्या नळ्या जमवून विमान बांधीत होता, हे मला ठाऊक होते. त्या वर्षीच्या विज्ञान-प्रदर्शनात त्याच्या पंखाला ‘भंगार’ म्हणून जागा मिळाली नाही. माझ्या नाटकाला ढाल मिळाली.

आता त्या नाटकाची झडती घेतो. तळपदे हा खरा माणूस, १८६४ ते १९१६ या काळातला, आणि त्याच्या ध्यासाबद्दल मला आदर आहे. पण ते उड्डाण झाले याचा निर्विवाद पुरावा कोणी पुढे ठेवलेला नाही. पाऱ्याची यंत्रे सांगणारे ‘वैमानिक शास्त्र’ हे पुस्तक बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी तपासून १९७४ साली निकाल दिला: पुस्तक १९०४ च्या आधीचे नव्हे, आणि त्यातली विमाने उडणे शक्य नाही. तरी २०१५ च्या जानेवारीत मुंबईच्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच! खोट्याला पंख लवकर फुटतात. कामट्यांना फुटायला वर्षे लागतात.

राइट बंधूंपाशी तरी काय होते? सायकलींचे दुकान. हायस्कुलाचा दाखला दोघांपैकी एकाकडेही नव्हता (हे वाचून माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्याला जरा बरे वाटते). १९०१ चे ग्लायडर हवे तसे उचलेना, तेव्हा त्यांनी ‘आमच्या पूर्वजांनी हे केलेच होते’ असे म्हटले नाही. लाकडाची एक लांब पेटी केली, तीत पंख्याने वारा सोडला आणि पंखांचे सुमारे दोनशे नमुने एकामागून एक तपासले. थोरामोठ्यांचे आकडे चुकलेले आहेत, हे त्यातूनच त्यांच्या ध्यानी आले. इंजिन त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या कारागिराने सहा आठवड्यांत घडविले. १७ डिसेंबर १९०३ ला पहिले उड्डाण झाले ते १२ सेकंदांचे, १२० फुटांचे. पंधराशे नव्हे हो, एकशेवीस!

आणि आपल्या घरचा दाखला हवा असेल तर तोही आहे. कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाने मुंबईत कांदिवलीला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. त्याच्या आधीचे दोन प्रयत्न फसले होते. २०१६ च्या फेब्रुवारीत ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले. नोंदणी झाली २०१७ साली, उडण्याचा परवाना मिळाला २०१९ साली, आणि २०२० साली ते धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणीसाठी उडाले. बांधून तयार झालेले विमान जमिनीवर किती वर्षे बसले, ते वाचकांनीच बोटांवर मोजावे. अमेरिकेत घरी विमाने बांधणाऱ्यांची संघटना १९५३ पासून आहे. ज्याने निम्म्याहून अधिक काम हौसेने स्वतः केले, त्याला परवाना मिळण्याची वाट तिथे आखून दिलेली आहे.

माझे एक सहकारी म्हणतात, “मुलांना अभिमान लागतो हो, थोडी अतिशयोक्ती चालायचीच.” मान्य! पण अभिमान हवा तर गच्चीवरल्या विमानाचा का नको? कारण सरळ आहे. त्या विमानाचा अभिमान धरायचा तर पोराला कानस धरू द्यावी लागते, पत्रा कापताना बोट कापले तर हळद लावावी लागते, घरात तेलाचे डाग सोसावे लागतात, आणि “पारा तापवून कसं?” या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. पाऱ्याच्या विमानाला यातले काहीच लागत नाही. फुकटचा माल आहे तो, म्हणून तर एवढा खपतो.

तो पोरगा आज तालुक्याच्या गावी मोटारी रिवाइंड करतो. गेल्या दिवाळीत मुद्दाम जाऊन मी त्याची माफी मागितली. तो हसला, मुलाला हाक मारून चहा सांगितला आणि म्हणाला, “सर, ते पाऱ्याचं काही कळलं का मग?”

यंदाच्या गॅदरिंगसाठी शाळेने माझे तेच नाटक पुन्हा काढले आहे. मी लेखी नकार दिला असून वही परत मागितली आहे. ती अजून मिळालेली नाही; तालमी मात्र सुरू झाल्या आहेत.