नवी बंदूक आहे म्हणून चेंबर बघायचं नाही?

भात पसवलंय, रात्रीची राखण सुरू झालीय. म्हणून आजची नोंद खताची नाही, फवारणीची नाही. बंदुकीची आहे.

आपण बैल घेताना दात बघतो. बियाण्याची पिशवी घेताना तारीख बघतो. फवारणीचा पंप दुकानातच पाणी भरून चालवून बघतो. आणि शेती संरक्षणाच्या परवान्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घालून जी बंदूक मिळते, ती घेताना काय बघतो? नंबर परवान्यावर बरोबर चढला का, एवढंच. सही केली, पिशवीत घातली, घरी आलो. चेंबर, म्हणजे काडतूस जिथं बसतं ती जागा, शंभरात एखादाच बघत असेल. विचारलं तर म्हणतात, नवी आहे, कंपनीची आहे, बघायचं काय?

हेच मला पटत नाही.

गेल्या महिन्यात शेजारचा एक पोरगा नवी १२ बोरची दुनळी घेऊन माझ्याकडं आला. तोंड उतरलेलं. "काका, दोन्ही नळ्यांत आतून गोल चीर दिसतेय. फसवलं मला."

मी बंदूक उघडली, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत याची खात्री केली आणि उजेडाकडं धरून मागच्या बाजूनं बघितलं. चीर नव्हती. १२ बोरची नळी आतून साधारण साडेअठरा मिलिमीटर असते, आणि चेंबर मागच्या तोंडाशी साधारण साडेवीस. चेंबर संपून नळी बारीक होते तिथं उतार असतो, त्याची कड सावलीसारखी गोल दिसते. प्रत्येक बंदुकीत दिसते. ती नसती तर काळजी करायची.

पण मी विचारलं, रिकामी काडतुसं कुठायत? नशिबानं त्यानं ठेवली होती. रानडुकरं हाकलायला सात-आठ बार काढले होते. निम्म्या काडतुसांच्या पितळेवर एकेक उभा ओरखडा, बाकीची साफ. तो म्हणाला, डाव्या नळीतलं रिकामं काडतूस ओढून काढावं लागतं. म्हणजे ज्याला तो घाबरला होता ते ठीक होतं, आणि खरा दोष हातात असून दिसला नव्हता.

काडतुसाचा दोष की बंदुकीचा, हे कसं ठरवायचं? सोपं आहे. एकाच खोक्यातली काडतुसं दोन्ही नळ्यांत आलटून पालटून घाला. प्रत्येकाच्या बुडावर पेनानं खूण करा आणि खूण वरच्या अंगाला ठेवूनच बसवा. नंतर राखणीला जे बार निघतील त्यांची रिकामी काडतुसं नळीप्रमाणं वेगळी ठेवा. त्याच्या डाव्या नळीच्या प्रत्येक काडतुसावर ओरखडा खुणेच्या बरोबर खाली आला. उजवीच्या एकावरही नाही. याहून साक्षीदार कशाला पाहिजे?

तो दुकानात गेला तर उत्तर मिळालं, "चालवा, आपोआप गुळगुळीत होईल. चाचणीचा छाप आहे बघा नळीवर."

मंडळी, या दोन्ही वाक्यांवर माझा राग आहे.

छाप असतो, आणि तो बघायलाच पाहिजे. पण तो सांगतो एवढंच की जास्त दाबाचा बार सोसून नळी फुटली नाही. चेंबरच्या तोंडाला धातूचा कणी राहिलाय का, रिकामं काडतूस सुटतं का, महिनोन्‌महिने ग्रीसमध्ये पडून आत गंज धरलाय का, हे तो छाप सांगत नाही.

आणि "आपोआप गुळगुळीत होईल"? पोलाद पितळेनं घासून कधी गुळगुळीत होणार? तोपर्यंत काय होतं ते दुकानदाराला दिसत नाही, आपल्याला दिसतं. रात्री एक वाजता बांधावर, हातात बॅटरी, काडतूस अडकलेलं. माणूस गज घेऊन पुढून ठोकायला बघतो. दुसऱ्या नळीत काडतूस तसंच भरलेलं असतं आणि डोकं नळीच्या तोंडासमोर. घाईत हे विसरायला क्षण लागत नाही. असं कधी झालंच तर आधी दुसरी नळी रिकामी करा, मग बाकीचं.

शेवटी तो रिकामी काडतुसं घेऊन परवानाधारक कारागिराकडं गेला. त्यानं भिंगातून बघितलं, काडतूस ओढणाऱ्या पट्टीच्या खाचेजवळ कणी होता, तो काढला. काम किरकोळ होतं. पण घरी पॉलिश पेपर घालू नका. चेंबरमधून गेलेला धातू परत येत नाही.

आता बघायचं कसं ते सांगतो. बंदूक उघडा, रिकामी असल्याची खात्री दोनदा करा. गजाला चिंधी लावून कारखान्याचं घट्ट ग्रीस पुसा. ग्रीस सुकलं की गंजासारखं दिसतं आणि काडतूसही धरून ठेवतं, म्हणून आधी पुसणं, मग बघणं. नळीच्या तोंडापुढं पांढरा कागद धरा आणि मागून बघा. हत्यार फिरल्याच्या अगदी बारीक गोल रेषा नख अडकत नसेल तर बहुतेक चालतात. उभा खोल ओरखडा, खड्डे, फुगवटा, तांबूस डाग चालत नाहीत. चेंबरची लांबी नळीवर कोरलेली असते. ६५ मिलिमीटरच्या चेंबरला ७० चं काडतूस घालू नका, बसलं तरी नाही. आणि २० बोरचं काडतूस १२ च्या खिशात कधीच ठेवू नका. ते आत घसरून अडकतं, माणूस रिकामं समजून मागं १२ चं भरतो, आणि नळी फुटते.

ज्यांच्याकडं ३१५ रायफल आहे त्यांनी बोल्ट काढून मागूनच बघायचं. तिच्या रिकाम्या काडतुसाच्या बुडाजवळ चकचकीत कडं उठलं, तर दुसरा बार न काढता कारागिराकडं न्या. बोल्ट आणि चेंबर यांच्यातली जागा गेज लावूनच कळते, डोळ्यानं किंवा फोटोवरून नाही.

आणखी एक. आचारसंहितेत जमा केलेली बंदूक ठाण्यातून परत आली की तीही नवीच समजा. पावसाळ्यातून आली तर जास्तच.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखायला ठासणीची बंदूक हे कारण स्पष्ट लिहिलंय. म्हणजे बंदूक हे शेतीचं अवजार आहे हे सरकारनंच मानलंय. मग कृषी खात्याचे साहेब, मेळाव्यात पंपाच्या नोझलवर अर्धा तास बोलता, बंदुकीवर दहा मिनिटं एखाद्या कारागिराला का बोलवत नाही? आणि दुकानदारांनो, गिऱ्हाईक चेंबर बघतो म्हणाला तर चिंधी आणि बॅटरी पुढं करा, तोंड वाकडं करू नका.

आणि आपण? बैलाचे दात बघताना लाजत नाही ना? मग इथं कसली लाज. सही करायच्या आधी बघा.

ज्यांच्याकडं बंदूक आहे त्यांनी आज रात्री राखणीला जायच्या आधी उघडून बघा आणि काय दिसलं ते लिहा.