सहलीनंतर पुन्हा जाऊ द्या

वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र मुंबईतल्या कितीतरी मुलांनी पाहिलेलं असतं. शाळेची सहल, रांग, दोन तासांत सगळी दालनं, डबा, परत बस. नागपूरचं रमण विज्ञान केंद्र आणि मिरामारचं गोवा विज्ञान केंद्र इथलीही सहल अशीच. सहलीत मूल हरखून जातं, ते चांगलंच. पण आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे, तेवढ्यावर थांबू नका. तुमच्या जवळच्या केंद्रात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी मुलांचा नियमित गट चालतो का, याची चौकशी करा आणि मुलाला काही महिने तरी तिथे जाऊ द्या.

एकाच भेटीत काय होत नाही, ते सांगते. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून एक खेळ उभा केला. नळीचे तुकडे सांधे म्हणून वापरायचे. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन बोट लावताच कलंडतो. पहिल्या दिवशी मूल एवढंच बघतं आणि हसतं. पुढच्या खेपेला ते चौकोनात कर्णाची एक काडी बसवून तो घट्ट करतं. मग पंचकोन. तिथे एक काडी पुरत नाही, दोन लागतात. षट्कोनाला तीन. सात बाजूंना किती, हे कोणी सांगण्याआधी मूल स्वतःच बोलून जातं. आणि एके दिवशी रेल्वेच्या पुलाखालून जाताना त्यातले त्रिकोण त्याला दिसतात. याला आठवडे लागतात. मध्ये चुकायला, कंटाळायला, घरी काड्या मोडायला वेळ लागतो. सहलीच्या बसला तेवढी फुरसत नसते.

अरविंद गुप्तांनी पुण्यात, आयुका या खगोलविज्ञान संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात कित्येक वर्षं हेच काम केलं. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यामुळे गावाजवळ केंद्र नसेल, तर शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना भेटा. आठवड्यातून एक तास, एक खोली आणि टाकाऊ सामान एवढ्यावर सुरुवात होते.

गटात नाव घालण्याआधी एकदा तो चालू असताना बघून या. मुलांचे हात चालतात की शिकवणाऱ्या ताईच बोलत राहतात? बिघडलेली वस्तू मूल स्वतः खोलतं, की कोणीतरी दुरुस्त करून हातात देतं? तीच मुलं पुढच्या आठवड्यात येतात का? भिंतीवरची चकचकीत यंत्रं बघून भुलू नका.

एक गोष्ट मला फार खुपते. स्पर्धा परीक्षेत गुण वाढतील म्हणून मुलांना अशा गटात धाडलं जातं, आणि गुण वाढले नाहीत की काढून घेतलं जातं. तसं करू नका. मुलींना तर आठवी-नववीत ‘आता अभ्यास बघ’ म्हणून आधी थांबवतात. त्यांना मुद्दाम चालू ठेवा.

मूल घरी आलं की ‘आज काय शिकलास?’ विचारून परीक्षा घेऊ नका. काय जमलं नाही ते विचारा, आणि जमलं नसेल तर पुढच्या आठवड्याला लागणाऱ्या काड्या आणि नळी आणून द्या.