वाडा पडतो कशाने?

नगरच्या, म्हणजे 2024 पासूनच्या अहिल्यानगरच्या, जुन्या पेठेत पावसाळ्यात एखादा वाडा कोसळला की त्याच्या जीर्णतेला बोल लावून सारे मोकळे होतात. वस्तुतः जीर्णता हे कारण नव्हे. घडीव दगडाचे जोते, सागवानी खांब, तुळया, कडीपाट आणि पांढऱ्या मातीची जाड भिंत या सामग्रीवर दरवर्षी माती-चुन्याचा हात फिरत राहिला तर ती पिढ्यान्पिढ्या टिकते. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याला लागून असल्याने खिडकीला जागा नसते. म्हणून उजेड आणि वारा मधल्या चौकातून घ्यावयाचा, ही योजना कोणा अडाण्याची नव्हे. मात्र याच शेजारामुळे एक वाडा पडला की दुसऱ्याची मातीची भिंत पावसात उघडी पडते.

खरे दुखणे जमाखर्चाचे आहे. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला गोठविली. युद्धकालीन टंचाईत भाडेकरूला संरक्षण देणे न्याय्यच होते. परंतु टंचाईचा उपाय अर्धशतक चालला आणि भाड्यातून कौले फेरण्याचा खर्चही निघेनासा झाला. ही गोठवणूक आता समर्थनीय राहिली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये सांगितले. 1999 च्या कायद्याने दरसाल चार टक्के वाढ दिली खरी. पण मूळ रक्कमच क्षुल्लक असेल तर तिचे चार टक्के ते किती?

त्यात वारसांची भर. वाड्याचे दहा हिस्सेदार असले तर छपरावर एकाने खर्चिलेल्या रुपयातील नव्वद पैशांचा लाभ इतरांना होतो. साहजिकच कोणीच खर्चत नाही. उलट सावेडीतील भूखंडावर एकट्याचे नाव, उतारा स्वच्छ, म्हणून कर्जही सुलभ. पेठेतील कुटुंबे सावेडीच्या बंगल्यांत व सदनिकांत गेली ती केवळ हौसेने नव्हे. भांडवल जिथे मालकी निःसंदिग्ध असते तिकडेच वाहते.

लंडनमधील जॉर्जकालीन घरांची रांगही अशीच सामाईक भिंतींची. 1774 च्या इमारत कायद्याने त्या भिंतींची जाडी आणि घरांची प्रतवारी ठरविली. पण 1775 पासून बांधला गेलेला बेडफर्ड चौक आजही अखंड आहे, त्याचे श्रेय केवळ इंग्रजांच्या अभिरुचीला देणे भाबडेपणाचे होईल. जमीन एका उमराव घराण्याची, घरे मुदतीच्या पट्ट्यावर. मुदत संपताच वास्तू परत येणार, म्हणून ती राखण्यात जमीनमालकाचा स्वार्थ होता. ती सरंजामशाही येथे नको. पण राखणाऱ्याच्या पदरात काही पडले पाहिजे, हे तत्त्व घेण्यासारखे आहे.

मुंबईच्या 1995 च्या वारसा नियमांनी वास्तू राखणाऱ्या मालकाला न वापरलेला बांधकामहक्क अन्यत्र विकण्याची वाट दाखविली. नगरमध्येही सावेडीत मजले चढविणाऱ्याने पेठेतील वाड्याचा हक्क विकत घ्यावा. अट एकच : त्या रकमेचा पहिला भाग महापालिकेच्या देखरेखीखाली दुरुस्तीसाठीच बांधलेला असावा. तो सरळ हिस्सेदारांच्या हाती पडला तर वाटणीत जाईल आणि पुढच्या मृगात छप्पर पूर्वीसारखेच गळत राहील.